स्वरयंत्रापर्यंत पोचलेला किरण

१८८७ च्या जानेवारीत जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. थंडीचे दिवस होते आणि सर्दीपडशाचे निमित्त होते, त्यामुळे सुरुवातीला कुणी फारसे मनावर घेतले नाही. पण फेब्रुवारी संपला तरी घसा सुटेना. तेव्हा बर्लिनचे नामांकित प्राध्यापक कार्ल गेरहार्ट यांना बोलावणे गेले. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी दांडीवरचा लहानसा आरसा घशात धरून पाहिले आणि डाव्या स्वरतंतूवर त्यांना एक बारीक गाठ दिसली. तारेच्या फासात पकडून ती काढायचा प्रयत्न त्यांनी केला, पण गाठ फासात येईना. मग विजेने लालबुंद होणारी तार घशात उतरवून ते ती गाठ जाळू लागले. रोज थोडी थोडी, जवळजवळ दोन आठवडे हे चालले. युवराज तक्रार न करता रोज समोर येऊन बसत.

या उपचाराची जर्मनीतच पुढे फार निंदा झाली. पण त्यामागची कल्पना आज पाहिली तर थक्क व्हायला होते. मानेला सुरी न लावता, तोंडावाटे आत जायचे आणि घशातला रोग उष्णतेने जागच्या जागी नष्ट करायचा. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर आज लेझरने जी शस्त्रक्रिया होते, तिचे सूत्र हेच आहे. गेरहार्ट यांच्यापाशी कल्पना होती, साधने नव्हती. ती जमायला पुढची पंचाऐंशी वर्षे लागली आणि त्या साखळीतली एक महत्त्वाची कडी आपल्या बारामतीत जन्मलेल्या माणसाने जोडली.

गेरहार्ट यांना काय दिसत होते, हे आधी समजून घेऊ. घशात आरसा धरून जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू नीट पाहिले ते १८५४ साली, पॅरिसमध्ये. पाहणारा डॉक्टर नव्हता, गायन शिकवणारा होता: मॅन्युएल गार्सिया. आवाज नेमका कुठून आणि कसा उमटतो या ध्यासापायी त्याने दोन आरसे आणि सूर्यप्रकाश घेऊन स्वतःच्याच घशात डोकावले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध ठेवला. व्हिएन्नाच्या ट्युर्क आणि बुडापेस्टच्या चेरमाक या दोघांनी १८५८ च्या सुमारास त्या आरशाचे वैद्यकीय साधन केले आणि श्रेय कुणाचे यावरून दोघांत कडाक्याचे भांडण झाले. साधन उपयोगी होते, पण त्याच्या मर्यादा फार होत्या. एका डोळ्याने पाहायचे, तेही आरशात, म्हणजे पुढचे मागे दिसणार. रुग्ण जागा, त्याला उबळ येणार, तो गिळणार, खोकणार. अशा घशात मिलिमीटरभर गाठीवर तापलेली तार टेकवायची. गाठ किती खोल गेली आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

हवापालटासाठी युवराजांना एम्सच्या झऱ्यांवर पाठवले गेले. मेमध्ये ते परतले तेव्हा गाठ वाढलेली होती. बर्लिनचे शल्यविशारद अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी हा कर्करोग असल्याचे ताडले आणि गळा समोरून उघडून, स्वरयंत्र चिरून गाठ काढायची तयारी केली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लंडनहून मोरेल मॅकेंझी येऊन पोचले. घशाच्या विकारांचे ते त्या काळचे सर्वांत प्रसिद्ध तज्ज्ञ. त्यांनी सांगितले, आधी तुकडा तपासा. तुकडा गेला रुडॉल्फ फिरशॉ यांच्याकडे. विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाच्या शब्दापुढे जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांनी त्या तुकड्यात कर्करोग नसल्याचे सांगितले. नंतरच्या तुकड्यांतही त्यांना तो सापडला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. युवराज जूनमध्ये सासूबाईंच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, सुवर्णमहोत्सवाला लंडनला गेले आणि मॅकेंझींना ‘सर’ ही पदवी मिळाली.

नोव्हेंबरमध्ये इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमो इथे सत्य समोर आले. गाठ आता लपण्यासारखी राहिली नव्हती. डॉक्टरांनी युवराजांपुढे पर्याय ठेवला तो संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा. ही शस्त्रक्रिया तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. ३१ डिसेंबर १८७३ ला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी ती पहिल्यांदा केली होती, ३६ वर्षांच्या एका शिक्षकावर. कार्ल गुसेनबाउर या त्यांच्या सहकाऱ्याने त्या शिक्षकासाठी कृत्रिम स्वरयंत्रही बनवले. पण सात महिन्यांत रोग उलटला आणि तो गेला. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी ही शस्त्रक्रिया केली त्यांचे बरेच रुग्ण काही दिवसांतच दगावले. रक्त आणि लाळ फुप्फुसात उतरे आणि न्यूमोनिया होई. फ्रेडरिक यांनी नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ ला श्वास कोंडू लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. महिन्याभराने वडील वारले आणि हा मुका झालेला माणूस जर्मनीचा सम्राट झाला. चिठ्ठ्या लिहून त्यांनी ९९ दिवस राज्य केले. १५ जूनला ते गेले. शवविच्छेदनात कर्करोगच निघाला.

त्याच वर्षी दोन्ही बाजूंनी आपापली कैफियत छापली. जर्मन डॉक्टरांनी मॅकेंझींना दोष दिला, मॅकेंझींनी बेर्गमान यांना. इतिहासकार अजूनही यावर वाद घालतात, कारण फ्रेडरिक उदारमतवादी होते, ते जगले असते तर युरोपचे चित्र वेगळे झाले असते, असे अनेकांना वाटते. माझ्या मते निदानात बेर्गमान बरोबर होते आणि तुकड्याशिवाय गळा चिरू नका हा मॅकेंझींचा आग्रहही बरोबर होता. दोघांच्या मधल्या जागेत काहीच नव्हते, हे खरे दुखणे. एका टोकाला आरसा आणि तापलेली तार, दुसऱ्या टोकाला अख्खा गळा उघडणे. रोग लहान असताना त्याला त्याच्या मापाचा उपचार नव्हता.

पुढच्या अर्ध्या शतकात स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली. एक्स-रे आणि रेडियम हाताशी आल्यावर किरणोपचारही सुरू झाला. माणसे वाचू लागली. पण स्वरयंत्र गेले की श्वास गळ्याच्या भोकातून, बोलणे बंद, वास येणे जवळजवळ बंद, अंघोळीतही पाणी आत जाईल ही धास्ती. हे सगळे पत्करून जगणाऱ्या माणसांविषयी मला अपार आदर आहे. त्यातले कितीतरी जण अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेच्या आधारे पुन्हा बोलायला शिकले. पण ज्याची गाठ डाळीएवढी असताना सापडली, त्यालाही एवढी किंमत का मोजावी लागावी, हा प्रश्न कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना छळत होता.

आधी सुटला तो पाहण्याचा प्रश्न. गुस्टाव्ह किलियन या जर्मन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाला उताणे झोपवून, जीभ उचलून धरणारे साधन वरच्या आधाराला टांगून ठेवायची युक्ती काढली. त्यामुळे डॉक्टरांचे दोन्ही हात मोकळे झाले. न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट क्लाइड लिंच यांनी त्याच पद्धतीने स्वरतंतूवरचे लहान कर्करोग तोंडावाटे कापून काढले. मात्र त्यांच्या हाताचे कसब इतरांना साधले नाही. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या कलोनचे ऑस्कर क्लाइनझासर यांनी शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप घशाकडे वळवला. मायक्रोस्कोपला ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले की भिंगापासून रुग्णाच्या स्वरतंतूपर्यंत लांब अवजारे चालवण्याइतकी जागा उरते. पूर्ण भूल दिलेल्या, निश्चल घशात दोन्ही डोळ्यांनी, मोठे करून, सावकाश पाहता येऊ लागले. आरशाला शंभर वर्षे झाली होती आणि आता कुठे स्वरतंतूची कड, तिच्यावरच्या रक्तवाहिन्या, पांढरा डाग कुठे संपतो आणि निरोगी पडदा कुठे सुरू होतो, हे स्पष्ट दिसत होते.

दिसले, पण कापायचे कसे? अरुंद पोलादी नळीतून वीतभर लांबीच्या कात्र्या आणि चिमटे आत घालायचे. रक्ताचा एक थेंब आला की सगळे झाकले जाई. अवजारच नजरेच्या आड येई. नळीत काहीच न घालता कापता आले तर? त्या मागणीचे उत्तर घशाशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी तयार होत होते.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट झाली आणि त्याच वर्षी ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. एकच वर्ष आधी, मे १९६० मध्ये, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर पेटवला होता. जो तो नवनव्या पदार्थांतून लेझर काढायच्या मागे होता. पटेल यांनी वायूंचे रेणू निवडले. अणूपेक्षा रेणू वेगळा, तो थरथरतो, फिरतो, आणि त्या थरथरण्यातली ऊर्जा किरणात उतरवता येईल, हा त्यांचा विचार. १९६४ मध्ये त्यांनी आपण उच्छ्वासातून रोज बाहेर टाकतो त्याच कार्बन डायऑक्साइडमधून लेझर काढला. त्यात नायट्रोजन मिसळला की नायट्रोजनचे रेणू विजेची ऊर्जा झेलून कार्बन डायऑक्साइडला देतात आणि किरणाची ताकद कितीतरी वाढते, हेही त्यांनी दाखवले. तोवरचे बरेच लेझर ताकदीने दुबळे होते किंवा क्षणभर चमकून विझणारे होते. हा सलग चालणारा आणि दांडगा होता. वयाच्या २६ व्या वर्षी केलेले हे काम त्यांना १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान पदकापर्यंत घेऊन गेले.

पटेल यांच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. हा अवरक्त किरण आहे, डोळ्याला दिसत नाही. आणि या तरंगलांबीचा किरण पाणी अधाशासारखे शोषून घेते. माणसाच्या मऊ पेशीजालात मुख्यतः पाणीच असते. म्हणून हा किरण जिथे पडतो तिथल्या पेशींतले पाणी क्षणात उकळते, पेशी फुटून वाफ होते, आणि मिलिमीटरच्या शतांशांइतक्या जाडीत सगळी ऊर्जा संपते. शेजारच्या पेशींना फारशी झळ लागत नाही. जाता जाता बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे शिजून बंद होतात. माणकाच्या लाल लेझरचे तसे नव्हते. तो पाण्यातून आरपार जाई, रंगद्रव्य असेल तिथेच शोषला जाई, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर उपयोगी पडला. कर्करोगाच्या गाठींवर ताकदवान स्पंदांचे लेझर वापरून पाहिले गेले तेव्हा तर गाठीचे कण उडून आजूबाजूला पसरताना आढळले. सुरुवातीचा उत्साह त्यामुळे बराच ओसरला होता.

बॉस्टनमध्ये गेझा याको हे मूळचे हंगेरीचे, कान-नाक-घसा तज्ज्ञ, घशात लेझर वापरण्याच्या नादात होते. मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्रावर त्यांनी आधी निओडिमियमचा लेझर वापरून पाहिला. जमले नाही. मग अमेरिकन ऑप्टिकल कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस पोलान्यी यांच्याशी गाठ पडली. पोलान्यींकडे कार्बन डायऑक्साइडचा लेझर होता. किरण कापत होता, प्रश्न तो घशापर्यंत नेण्याचा होता, कारण साध्या काचतंतूतून हा किरण जात नाही, काचच त्याला शोषून घेते. म्हणून सांध्यासांध्यांत आरसे बसवलेला एक धातूचा हात तयार केला गेला. यंत्रापासून निघालेला किरण प्रत्येक सांध्यावर वळत वळत मायक्रोस्कोपपर्यंत येई आणि तिथून एका हलत्या आरशावरून, भिंगाच्याच वाटेने, स्वरतंतूवर पडे. तो आरसा हलवायला बोटात धरायची लहानशी दांडी. पोलान्यींचे सहकारी हर्बर्ट ब्रेडेमायर यांनी हे जोडकाम केले. किरण अदृश्य, म्हणून पुढच्या यंत्रांत त्याच्या वाटेने एक निरुपद्रवी लाल किरणही सोडला जाऊ लागला. लाल ठिपका जिथे, तिथे घाव.

कुत्र्यांवर प्रयोग झाले. जखमा स्वच्छ भरत होत्या, सूज कमी येत होती. मग बॉस्टन विद्यापीठातले स्टुअर्ट स्ट्राँग यांच्याबरोबर माणसांवर वापर सुरू झाला आणि १९७२ मध्ये स्ट्राँग आणि याको यांनी आपला पहिला अनुभव प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये स्ट्राँग यांनी स्वरतंतूवरचे सुरुवातीचे कर्करोग लेझरने काढल्याचा लेख लिहिला, आणि त्यांचे सहकारी चार्ल्स व्हॉन यांनी स्वरतंतूंच्या वरच्या भागापर्यंत मजल नेली. गेरहार्ट यांची तार जिथे चाचपडत होती, तिथे आता अंधारलेल्या खोलीत एक डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळे लावून, बोटाने दांडी हलवत, रक्ताचा टिपूसही न काढता गाठीभोवती रेघ आखत होता.

ही वाट निर्धोक नव्हती. घशाच्या शस्त्रक्रियेत श्वासाची नळी आणि डॉक्टरांचे काम एकाच चिंचोळ्या जागेत चालते. त्या नळीतून ऑक्सिजन जातो. नळी रबराची किंवा प्लास्टिकची. किरण चुकून नळीवर पडला की ती पेट घेई आणि ऑक्सिजनच्या झोताने ज्वाळा थेट फुप्फुसाकडे जाई. असे अपघात झाले, माणसे भाजली, काही दगावली. इथे शल्यविशारदांपेक्षा भूलतज्ज्ञांचे काम मोठे वाटते. त्यांनी नळ्यांना धातूची पट्टी गुंडाळली, मग खास धातूच्या नळ्या आल्या. नळीच्या टोकाचा फुगा हवेऐवजी निळ्या रंगाच्या मिठाच्या पाण्याने भरू लागले, म्हणजे किरणाने तो फुटला तर पाणी आगही विझवेल आणि निळा रंग इशाराही देईल. ऑक्सिजनचे प्रमाण कमी ठेवले. रुग्णाच्या डोळ्यांवर आणि तोंडाभोवती ओल्या कापडाच्या घड्या, खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा, दारावर लाल दिवा. आज या शस्त्रक्रियेआधी जी यादी वाचली जाते, तिच्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी यातनांतून आलेली आहे.

पण लेझरचा खरा वाद अजून व्हायचा होता. तो झाला जर्मनीत, आणि यंत्रापेक्षा कर्करोगशल्यचिकित्सेच्या मुळाशीच त्याने हात घातला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी घालून दिलेला नियम जगभर वेदवाक्य झाला होता. गाठीला हात लावू नका. भोवतालच्या निरोगी मांसासकट सगळा गोळा अखंड बाहेर काढा. गाठीतून सुरी गेली की रोग सगळीकडे पेरला जाईल. पिढ्यान्‌पिढ्या शल्यविशारद याच शिकवणीवर वाढले. तोंडावाटे नळीतून मोठी गाठ अखंड काढणे अशक्य, म्हणून लेझर फक्त डाळीएवढ्या गाठींसाठी, असे ठरून गेले होते.

एर्लांगेनच्या वोल्फगांग श्टाइनर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नेमके उलटे केले. १९८६ मध्ये ते गटिंगेनला विभागप्रमुख झाले आणि तिथे त्यांची पद्धत पक्की झाली. ते गाठीच्या मधोमध लेझर चालवत. मुद्दाम. कारण मधून छेद घेतला की गाठीची जाडी समोर दिसते. मायक्रोस्कोपखाली कर्करोगाचे मांस आणि निरोगी मांस किरणाला वेगवेगळे वागतात, पोत वेगळा, रंग वेगळा. छेद खाली नेत नेत जिथे रोग संपून निरोगी स्नायू लागतो तिथे थांबायचे. मग उरलेली गाठ दोन, तीन, चार तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याखाली निरोगी मांसाचा पातळ थर ठेवून काढायची. प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, नकाशा काढायचा आणि विकृतितज्ज्ञाला सांगायचे की ही बाजू वरची, ही खोलची. कुठल्या कडेला रोग उरल्याचे कळले तर काही दिवसांनी पुन्हा त्याच जागी जाऊन तेवढेच काढायचे. जखमेला टाके नाहीत, ती आपोआप भरते.

हे ऐकून जुन्याजाणत्यांच्या अंगावर काटा आला असेल तर नवल नाही. गाठीतून छेद घ्यायचा! पण निकाल बोलू लागले. १९९३ मध्ये श्टाइनर यांनी एर्लांगेनच्या काळातल्या रुग्णांचा हिशेब मांडला आणि गाठीत छेद घेतल्यामुळे रोग जास्त उलटतो असे काही दिसले नाही. पेट्रा अँब्रोश या सहकारी डॉक्टरांसह त्यांनी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि गटिंगेनला शिकायला जगभरातून डॉक्टर जाऊ लागले. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे ब्रूस पिअर्सन यांनी ही पद्धत उचलली. गळा उघडून स्वरयंत्र जवळजवळ पूर्ण काढायची एक शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या माणसाने उतारवयात सुरी बाजूला ठेवून किरण हाती घ्यावा, याहून मोठी पावती श्टाइनर यांना कोणती हवी होती?

श्टाइनर यांचे मोठेपण मला यात वाटते की त्यांनी रुग्णागणिक शस्त्रक्रिया ठरवली. पूर्वी शस्त्रक्रियेचे ठरलेले साचे होते आणि रुग्ण त्यांत बसवला जाई. त्यांनी रोग जिथे नेईल तिथवर जायचे आणि त्यापुढे एक तंतूही काढायचा नाही, असा शिरस्ता घातला. पुष्कळ रुग्णांना गळ्याला भोक पाडावे लागले नाही, नाकातून नळी घालावी लागली नाही, ते काही दिवसांत घरी गेले.

दरम्यान दुसऱ्या बाजूने किरणोपचार आणि औषधे पुढे येत होती. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. वाढलेल्या स्वरयंत्र-कर्करोगात आधी औषधे आणि मग शेक, म्हणजे किरणोपचार, दिला, तर दोन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण स्वरयंत्र काढलेल्यांइतकेच, म्हणजे ६८ टक्के राहिले आणि त्या गटातल्या ६४ टक्के लोकांचे स्वरयंत्र वाचले. त्यानंतर अनेक ठिकाणी सुरीही मागे पडली आणि लेझरही. सुरुवातीच्या गाठीत शेक आणि लेझर दोन्ही जवळजवळ सारखेच गुणकारी आहेत. शेक सहा-सात आठवडे रोज घ्यावा लागतो आणि त्याच जागी तो सहसा पुन्हा पूर्ण मात्रेत देता येत नाही. लेझर एका दिवसाचा, गरज पडली तर पुन्हा करता येतो, आणि शेकाचा पर्याय पुढच्यासाठी शिल्लक राहतो. मात्र स्वरतंतूचा स्नायू खोलवर काढावा लागला तर आवाज भसाडा, हवा सुटल्यासारखा होतो, हेही रुग्णाला आधी सांगायला हवे. २००९ मध्ये अमेरिकेत घशाच्या शस्त्रक्रियेसाठी रोबोटला परवानगी मिळाली आणि जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलपाशी तो सोयीचा ठरला. पण तोंडावाटे गाठ काढता येते हे धाडस आधी लेझरने केले होते.

आता तोंडाच्या कर्करोगाकडे, म्हणजे आपल्याकडे वळतो. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर, एल. डी. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनी मांडला. १९७२ मध्ये, बॉस्टनमध्ये लेझरचा पहिला अहवाल छापला गेला त्याच वर्षी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि त्यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गावोगाव जाऊन एकेकाचे तोंड उघडून पाहायचे, मिश्री लावता का, तंबाखू खाता का विचारायचे, डाग नोंदवायचे. हे काम लेझरच्या शोधाइतकेच थोर आहे असे मी म्हणेन, आणि त्याचा गवगवा मात्र झाला नाही.

जिभेच्या कडेवरची लहान गाठ, गालातला पांढरा चट्टा यांवर लेझर उत्तम चालतो. पण आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग बहुधा गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत सुरू होतो, कारण तंबाखूची चिमूट, मावा, खर्रा तिथेच धरला जातो. तिथून जबड्याचे हाड हाकेच्या अंतरावर. हाडात शिरलेल्या रोगाला हा किरण उपयोगी नाही, जबडा कापावा लागतो, छातीचे मांस आणून गाल भरावा लागतो. मानेतल्या गाठींचे तर वेगळेच. टाटा रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ मध्ये दाखवले की तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगातही मानेतल्या लसीका गाठी त्याच वेळी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात, वाट पाहून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. आणि आणखी एक गोष्ट. लेझरचा किरण सरळ रेषेत जातो. त्यासाठी तोंड पुरेसे उघडावे लागते आणि पोलादी नळी घशात सरळ बसावी लागते. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्याच्या गालांतला पडदा आखडत जातो, तोंड दोन बोटे, मग एक बोट उघडते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी हा आजार बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतो, विशीतल्या मुलांतही. बारामतीत जन्मलेल्या माणसाचा किरण जगभर पोचला, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी तोंडांत तो शिरूच शकत नाही. मला याचे फार वाईट वाटते.

जे उशिरा येतात त्यांना विचारले तर एक कारण पुन्हा पुन्हा ऐकू येते: तुकडा काढला की रोग पसरतो, चाकू लावला की कॅन्सर भडकतो. आपल्याकडे घरोघरी रुजलेली ही भीती आहे. श्टाइनर यांनी हजारो छेद गाठीच्या मधून घेतले आणि रुग्ण बरे केले. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याने तोंडा-घशाचा कर्करोग भडकत नाही. तेव्हा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तोंडातले व्रण तेवढ्या दिवसांत भरले नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा जात नसेल, गिळताना कानात कळ येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी तुकडा तपासायला हवा म्हटले तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. घरातले वडीलधारे नको म्हणाले तर त्यांना हे समजावून सांगा आणि सोबत घेऊन जा.